वस्तूचें गहाण आणि माणसाचें गहाण

दिवाळी ओसरली, भात झोडून झालें, म्हणजे पेण व रोहें या दोन तालुक्यांतील डोंगरालगतच्या कातकरी वाड्या हळूहळू ओस पडूं लागतात. मुलें, चार भांडीं व एखादी कोंबडी असा संसार टेंपोंत भरून कुटुंबें वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघून जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. त्याच सुमारास पेठेंतील सराफाच्या दुकानीं कोणी शेतकरीण गळ्यांतील पोत काढून काट्यावर ठेवीत असते. या दोन देखाव्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे असें आमच्या बहुतेक वाचकांस वाटणार नाहीं. आमच्या मतें दोन्ही गहाणाचेच व्यवहार आहेत. एकांत सोनें तारण असतें, दुसऱ्यांत माणूस. आणि दोहोंपैकीं सोन्याचीच काळजी अधिक वाहिली जाते.

सोन्याचें पाहा. त्याचें वजन होतें, कस लागतो, व्याजाचा दर ठरतो व पावती हातीं पडते. 1872 च्या करार-कायद्यान्वयें गहाण टाकणारास वाजवी सूचना दिल्यावांचून सावकारास वस्तु विकतां येत नाहीं, आणि विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत कर्ज फेडून ती सोडवून नेण्याचा मालकाचा हक्क कायम राहतो. व्याज मुद्दलापेक्षां अधिक वाढूं नये हा दामदुपटीचा नियम तर त्याहून पुष्कळ जुना. मनूनें गहाणाची वस्तु बळानें वापरण्यास मनाई केली व वापरणारा सावकार व्याजास मुकेल असें ठरविलें. आणि अगदीं अलीकडे, 2025 च्या जून महिन्यांत, रिझर्व बँकेनें असा नियम केला कीं, कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिना परत न दिल्यास सावकारी संस्थेनें दर दिवसास 5,000 रुपये भरपाई द्यावी. (याच बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें बालपण रोह्यास गेलें, हें येथें सहज आठवलें.) दागिन्याच्या एका दिवसाच्या विलंबाची ही किंमत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

आमच्या वाङ्मयांत गहाण हा विषय नवा नाहीं. हरिश्चंद्रानें ऋण फेडण्यासाठीं प्रथम तारामतीस, रोहिदासास व मग स्वतःस विकलें. ती कथा ऐकतांना आम्ही त्याच्या सत्यनिष्ठेस नमस्कार करतों, पण बायकोमुलांस विकण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला हा प्रश्न कीर्तनांत सहसा निघत नाहीं. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं असें परंपरा सांगते. गोंव्याचा पोर्तुगीज अधिपति झुवांव द कास्त्रो यानें 1546 सालीं दीवचा किल्ला पुन्हां बांधण्यासाठीं गोंव्याच्या नागरिकांकडे 20,000 परदाव मागितले, तेव्हां तारण म्हणून आपल्या दाढीचे केंस पाठविले, पैका मिळाला. बड्या माणसाचा केंसही चालतो, गरिबाचें अख्खें अंग मात्र अपुरें पडतें, असा या गोष्टीचा अर्थ कोणीं काढल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. पुढें 1925 सालीं बाबुराव पेंटरांनीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यांत जमीन गमावून शहरांत गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याचें काम शांतारामबापूंनीं केलें होतें. ‘अक्कल गहाण ठेवणें’ किंवा ‘अब्रू गहाण टाकणें’ हे शब्द तर आम्ही रोज उच्चारतों. माणूस गहाण टाकणें हा वाक्प्रचार मात्र भाषेंत रुळला नाहीं, जरी ती गोष्ट चालत आलेली आहे.

ती किती जुनी आहे हें नारदस्मृतीवरून दिसतें. तींत दासांचे पंधरा प्रकार सांगितले असून गहाण टाकलेला दास हा त्यांपैकीं एक आहे. हें फार दूरचें वाटत असेल, तर शेजारच्या ठाणें जिल्ह्यांतील ‘लग्नगडी’ आठवावा. आदिवासी तरुणानें लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यावे आणि मग नवराबायकोनें आयुष्यभर त्याच्या शेतीं राबावें, अशी ती रीत. गोदावरीबाई परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत तिचें वर्णन आहे व 1945 च्या वारल्यांच्या उठावामागें तीच होती. सरकारनेंही 1933 सालीं मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध कायदा केला. त्याच्या नांवांतच ‘गहाण’ हा शब्द होता. आपलें मूल गहाण टाकणाऱ्या बापास त्यांत 50 रुपयांपर्यंत दंड ठेविला होता.

आतां आपल्या वाड्यांकडे वळूं. श्रावण-भाद्रपदांत शेतीचें काम सरतें, घरांतील दाणा संपतो, गणपति तोंडावर येतो. याच वेळीं मुकादम वाडीवर येऊन बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, देऊन जातो. पावती नसते. मोसमांत नवराबायकोची जोडी माती कालविते, विटा पाडते. मजुरी हजारी दरानें लागते, पण हातीं येते ती आठवड्याची खर्ची. हिशेब होतो तो एकदम मोसमाच्या शेवटीं, आणि तो मालकाच्या वहींत. समजा, बयाणा 30,000 रुपये. 26 आठवडे दर आठवड्यास 1,000 प्रमाणें खर्ची 26,000. एकूण उचल 56,000. जोडीनें 90,000 विटा पाडल्या व हजारास 600 रुपये दर धरला तर मजुरी 54,000. सहा महिने राबून दोन हजार अंगावरच राहिले! अवकाळी पावसानें भिजलेल्या विटा मजुराच्या नांवें धरल्या तर आणखी. हे दोन हजार पुढील सालच्या बयाण्यांत मिळतात, आणि ते फिटेपर्यंत दुसऱ्या भट्टीवर जाण्याची सोय राहत नाहीं. या हिशेबानें दोघांच्या दिवसास साडेतीनशे रुपयेही पडत नाहींत, हें व्यापारी वाचकांनीं स्वतः भागून पाहावें. शिवाय मुलें भट्टीवर गेलीं म्हणजे शाळा सुटते; व्याज येथें पाटीपुस्तकानें भरलें जातें.

भट्टीवाल्यांचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, “आम्ही बयाणा दिला नाहीं तर भाद्रपदांत त्यांस कोण खाऊं घालतो? आणि बयाणा घेऊन मजूर पळाला तर आमचें नुकसान कोण भरून देतो?” पहिला प्रश्न खरा आहे व तो भट्टीवाल्यांहून अधिक सरकारास लागतो. 2020 सालीं करोनाच्या संकटांत राज्य सरकारनें आदिवासी कुटुंबामागें 4,000 रुपयांचें खावटी अनुदान ठरविलें, निम्में रोख व निम्में जिनसांत; जिन्नस हातीं पडेपर्यंत कित्येकांस पुढचें साल उजाडलें. भुकेच्या महिन्यानंतर आलेली खावटी मुकादमाचेंच काम सोपें करते. दुसऱ्या प्रश्नास मात्र आमचें उत्तर असें कीं, बुडालेलें कर्ज वसूल करण्यास दिवाणी कोर्ट आहे. सराफ गिऱ्हाइकास दुकानांत कोंडून ठेवीत नाहीं.

कायदा तर स्पष्ट आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें असलें कर्जच नष्ट ठरविलें व वेठीस धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व 2,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला. सर्वोच्च न्यायालयानें 1982 सालीं निर्णय दिला कीं, किमान वेतनाहून कमी मोल देऊन घेतलेलें काम ही सक्तीची मजुरीच होय. जिल्ह्यांत व उपविभागांत दक्षता समित्या असाव्या असेंही कायदा म्हणतो. मुक्त झालेल्या मजुरास तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत मिळूं शकते, पण पुनर्वसनाची मोठी रक्कम मालकास शिक्षा होण्याशीं जोडलेली आहे. खटला रेंगाळला कीं तीही रेंगाळते. दागिन्यास सात दिवस व विलंबास रोजचे 5,000 रुपये. माणसास खटल्याच्या निकालापर्यंत वाट! ही तुलना करण्यास आम्हांस लाज वाटते, पण आंकडे आमचे नव्हत.

समित्यांच्या बैठका पावसाळ्यांत, बयाणा वांटला जातो तेव्हां, वाड्यांवरच व्हाव्या. खावटी आषाढ संपण्यापूर्वीं पोंचावी. आणि ज्यास सरकारची वाट पाहावी लागत नाहीं असें एक काम आहे. सराफ जशी पावती देतो तशी प्रत्येक भट्टीवाल्यानें मजूर जोडीस हिशेबवही द्यावी. तींत बयाणा, दर, आठवड्याच्या विटा व खर्ची लिहावी, वही मजुराच्याच हातीं राहावी, आणि मोसम संपतां बाकी शून्य करावी. पेण-रोह्याचे आमचे व्यापारी वाचक घरें, वखारी, दुकानें बांधण्यास विटा याच भट्ट्यांवरून आणतात. त्यांनीं दर ठरवितांना विटेच्या भाजणीबरोबर ती वहीही मागून पाहावी.