काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा शोध

आपल्या जिल्ह्यातील काही घरांतून एक वाक्य ऐकू येते आणि ते तेथेच थांबते. "आमच्या खापरपणज्यांपैकी एक जण काळ्या पाण्यावर गेला." कोणत्या साली, कशाबद्दल, कोणत्या बेटावर, असे विचारू लागले की वडीलधारी मंडळी विषय बदलतात. वंशावळ लिहिताना त्याच्या नावाखाली 'निर्वंश' असा शेरा मारून मोकळे होतात. हा शेरा खरा असतोच असे नाही. तो लिहिणाऱ्यास माहिती नव्हती, किंवा माहिती असून सांगावयाची नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. अशा माणसाचा माग कागदपत्रांतून कितपत लागतो आणि तो कसा काढावा, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

ह्या बाबतीत आयरिश लोकांचे उदाहरण प्रथम पाहण्यासारखे आहे. १७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत इंग्रज सरकारने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन टाकले, व त्यांतील सुमारे चौथा हिस्सा आयर्लंडचा होता. कोणी मेंढी चोरली होती, कोणी बंडाची शपथ घेतली होती. त्यांच्या नातवंडांनी दोन-तीन पिढ्या हा 'डाग' लपविला. आज तेथील माणसे आपला पूर्वज कोणत्या जहाजाने आला हे अभिमानाने सांगतात. ही लाज एकदम गेली नाही. दप्तरे उघडली, आजोबांच्या नावापुढे उंची, वर्ण, धंदा आणि गुन्हा लिहिलेला वाचावयास मिळाला, आणि पुष्कळांना तो गुन्हा फार किरकोळ आढळला. त्यांचा मार्गही सोपा नव्हता. १९२२ साली डब्लिनमधील सरकारी दप्तरखाना यादवी युद्धात जळाला, आणि १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या त्यात गेल्या. परंतु कैद्यांनी व त्यांच्या बायकांनी केलेले दयेचे अर्ज दुसऱ्या कचेरीत असल्यामुळे वाचले. नोंदवही गेली तर अर्ज पाहावा, ही युक्ती आयरिश शोधकांनी अशा रीतीने शिकली. पुढे १९८८ साली उरलेल्या दप्तराच्या प्रती आयर्लंडने ऑस्ट्रेलियास भेट म्हणून दिल्या.

आता आपल्याकडे वळू. पहिला प्रश्न असा की, काळे पाणी म्हणजे कोणते पाणी? आपण हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' वाचलेल्या पिढ्यांचे तसे होणे स्वाभाविकच आहे. पण अंदमानची वसाहत १० मार्च १८५८ रोजी सुरू झाली, आणि सेल्युलर जेल तर १८९६ ते १९०६ ह्या काळात बांधला गेला. त्यापूर्वी पन्नास-साठ वर्षे हिंदी कैदी समुद्रापार जातच होते. १८१५ ते १८३७ ह्या काळात बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले, आणि मुंबईच्या कैद्यांची पाठवणी १८२६ च्या सुमारास सुरू झाली. १८३६ साली चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला, तेव्हा रस्त्यांवर खपणारे हे कैदी त्याने पाहिले आणि त्यांच्या उमद्या चेहऱ्यांचा उल्लेख करून ठेवला. मॉरिशस बंद झाल्यावर सिंगापूर-पेनांगकडे लोक गेले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूजचे मोठे चर्च हिंदी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले आहे. काहींच्या वाट्यास एडन आले. वासुदेव बळवंत फडके तेथेच १८८३ साली वारले. तेव्हा घरातील आठवणीत नुसते 'काळे पाणी' असेल, तर प्रथम काळ ठरवावा. पिढ्या मोजून अंदाजे साल काढले की बेट पुष्कळसे आपोआप ठरते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिया मजुरांची जहाजे जाऊ लागली. ते कैदी नव्हते, करारावर गेलेले मजूर होते. त्यांच्या नोंदी, आणि पुढील काळातील छायाचित्रेसुद्धा, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. कैद्यांचे कागद निराळे. 'मॉरिशसला गेला' एवढ्यावरून तो कैदी होता की मजूर हे ठरत नाही, आणि दोन्ही ठिकाणी शोध घेणे शहाणपणाचे असते.

साल अंदाजाने ठरले म्हणजे मुंबईस जावे. तेथील सरकारी दप्तरखाना १८२१ पासूनचा असून एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्याचे कागद आहेत. खटला नगरच्या न्यायाधीशापुढे चाले, मोठ्या शिक्षा मुंबईच्या सदर फौजदारी अदालतीकडे मंजुरीस जात, मग कैदी पुष्कळदा ठाण्याच्या तुरुंगात जहाजाची वाट पाहत बसे. ह्या प्रत्येक पायरीवर कोणी तरी कोणास तरी पत्र लिहिले आहे. ती पत्रे न्यायखात्याच्या बाडांत सापडतात. ही बाडे सालवार आहेत. नाव घेऊन गेलेला माणूस तेथे हरवतो, साल घेऊन गेलेला वाट काढतो. शिवाय साम्राज्याला प्रती करण्याची सवय होती. मुंबईत न सापडलेला कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात असू शकतो.

जहाजाबरोबर कैद्यांची वर्णनासह यादी जात असे. नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव, गुन्हा, शिक्षा, उंची, आणि अंगावरच्या खुणा. देवीचे व्रण, डाव्या भुवईवर जखमेचा वण, मनगटावर गोंदण. बंगाल व मद्रास इलाख्यांत तर १८४९ पर्यंत जन्मठेपीच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हाच गोंदवीत. सरकारने हे वर्णन लिहून ठेवले ते तो पळाला तर पकडता यावा म्हणून. पण छायाचित्र नसलेल्या त्या काळात एका गरीब शेतकऱ्याचा चेहरा कागदावर उतरला तो ह्याच कारणाने. त्याच्या गावातील अब्रूदार, कधी तुरुंगात न गेलेल्या शेजाऱ्याच्या चेहऱ्याबद्दल आज आपणास एक अक्षर सापडावयाचे नाही.

खरी अडचण नावांची. इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिले. नगर जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये राघोजी भांगरे हा 'भांग्रिया' झाला आहे. सामान्य माणसास तर आडनावच लिहिलेले नसते. 'बिन' म्हणून बापाचे नाव येते, किंवा 'नाईक' हा मानाचा शब्दच आडनावाच्या जागी बसतो. गावांचीही तीच कथा. आपले अकोले गॅझेटिअरमध्ये 'अकोला' असे छापले आहे, आणि वऱ्हाडातील अकोल्याशी त्याची गफलत करून वर्षभर भलतीकडे शोधणारा माणूस आढळला तर आम्हांस नवल वाटणार नाही. पिंपळगाव म्हटले तर श्रीगोंद्याकडे पिंपळगाव पिसा, नगरजवळ पिंपळगाव माळवी, पारनेरात पिंपळगाव रोठा, अकोल्यात पिंपळगाव खांड. कारकुनाने मागचा शब्द गाळला की संपले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८६९ साली नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीच्या कागदात 'अहमदनगर जिल्हा' असे असेल, तर तो माणूस आजच्या नाशिक जिल्ह्यातील असण्याचा पुष्कळ संभव आहे. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या बाडांवर जुनेच नाव, तेही निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिलेले असणार.

आता गुन्ह्याच्या रकान्याकडे येऊ. आमच्या मते शोधकाने सर्वांत जास्त वेळ येथे थांबावे. अकोले-राजूरच्या डोंगरात राघोजी भांगरे ह्यांचे नाव आजही आदराने घेतात. १८४८ च्या आरंभी त्यांस पंढरपुरात पकडले आणि त्याच वर्षी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. भागोजी नाईक हे नगरच्या पोलिसांत नोकरी केलेले. १८५५ साली त्यांस शिक्षा झाली, सुटल्यावर जामीन मागण्यात आला, आणि १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत पोलीस सुपरिटेंडेंट हेन्री मारला गेला. १८५९ च्या नोव्हेंबरात सिन्नरच्या बाजूस भागोजी पडले. ही झाली नायकांची गोष्ट. नायकांची नावे डोंगराने राखली. पण त्यांच्याबरोबर उभे राहिलेल्या, रात्री भाकरी पोचविणाऱ्या, सावकाराच्या वाड्यावर चालून जाऊन खतपत्रे फाडणाऱ्या माणसांचे काय? ते कागदावर येतात तेव्हा त्यांच्यापुढे 'टोळीने दरोडा' एवढेच लिहिलेले असते.

म्हणून दरोडा हा शब्द वाचून शरमून जाऊ नये, आणि दरोडा म्हणजे बंडच असे मानून पोवाडाही रचू नये. दुसरी चूकही आजकाल पुष्कळ होते. खरोखरचे दरोडेखोर त्या काळी होतेच, आणि लुटले गेलेलेही गरीबच असत. ठरवावयाचे कसे? साल पाहावे, बरोबरचे आरोपी पाहावे, कोणाचे घर लुटले ते पाहावे, आणि लुटीत रोकड गेली की कागद गेले ते पाहावे. फिर्यादी मारवाडी किंवा गुजर सावकार असून त्याच्या वह्या जाळलेल्या असतील, तर त्या रकान्यातील शब्द एका बाजूचा आहे असे समजण्यास आधार मिळतो. साक्षीदारांच्या जबान्या उपलब्ध असल्या तर त्या अवश्य वाचाव्या. आरोपीचे म्हणणे, दुभाष्याच्या तोंडून का होईना, तेवढ्याच जागी टिकलेले असते.

ह्या शोधाबद्दल काही घरांत जी धास्ती आहे तीही समजून घेतली पाहिजे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि १९५२ साली रद्द होईपर्यंत जन्मावरूनच माणसास पोलिसांत हजेरी द्यावी लागे. ज्यांच्या आजोबांनी अशी हजेरी दिली त्यांस 'चला, तुमच्या पूर्वजाचा गुन्हा शोधू' असे हसत सांगणे बरे नव्हे. शोध त्यांच्या घरातून सुरू झाला तरच तो त्यांचा.

सरकारी कागदाइतकेच घरचे आणि गावचे कागद उपयोगी पडतात. त्या काळचे गावदप्तर मोडी लिपीत आहे, तेव्हा मोडी जाणणारा सोबत हवा. जमिनीचे खाते एखाद्या साली नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या अगर भावाच्या नावावर चढलेले दिसले, आणि मृत्यूचा उल्लेख नसला, तर तेथे थांबून विचार करावा. वतन असल्यास त्याच्या जप्तीचा कागद निघतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्या. सर्व जातींची नावे त्यांत सारख्या प्रमाणात नसतात हे खरे, पण ज्यांची आहेत त्यांस त्या फार बोलतात. समुद्रापार गेलेल्याचा देह घरी येत नाही. अशा माणसासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याची रीत आपल्याकडे आहे. तो विधी कोणत्या साली झाला हे कळले, तर घराने त्याची आशा केव्हा सोडली हे कळते. ती तारीख कोणत्याही सरकारी नोंदवहीत नसते.

तो माणूस पलीकडे पोचल्यावर काय झाले? मॉरिशसच्या कैद्यांची वसाहत १८५३ साली संपली आणि उरलेले मोकळे झाले. त्यापूर्वी तेथे पुन्हा गुन्हा केलेल्या काहींस सरळ ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले, म्हणजे आपला एखादा कैदी आयरिश कैद्यांच्याच यादीत सापडणे अशक्य नाही. अंदमानात चांगल्या वागणुकीचा कैदी काही वर्षांनी परवाना मिळवून स्वतःची शेती करू शके, आणि कैदी स्त्रीशी त्याचा विवाह होऊ शके. पोर्ट ब्लेअरच्या आसपास आज जी जुनी घराणी आहेत, त्यांतील पुष्कळ अशा विवाहांतून निघालेली आहेत. त्यांच्या मुलांची भाषा हिंदुस्थानी झाली, जाती मिसळल्या, गावांची नावे विसरली. १९४२ ते १९४५ च्या जपानी अमलात तेथील बरेच दप्तर नष्ट झाले, म्हणून त्यांनाही आपला नगरकडचा धागा सापडत नाही. डब्लिनला जे आगीने केले ते येथे युद्धाने केले. हिंदुस्थान सरकारकडे व लंडनला गेलेल्या प्रती मात्र उरल्या आहेत. वंशावळीतला 'निर्वंश' हा शेरा खोडावयाची वेळ एखाद्या घरावर आली, तर ती ह्या प्रतींमुळे येईल.

एक प्रकारचा कागद मात्र आम्ही प्रत्येकास मुद्दाम शोधावयास सांगतो. परवाना मिळालेल्या अंदमानच्या कैद्यास घरच्या मंडळीस बोलावून घेण्याची मुभा होती, आणि सरकारचीही तशी इच्छा असे. असा अर्ज आला की त्याची विचारपूस कैद्याच्या जिल्ह्याकडे येई. थोड्याच बायका गेल्या. अर्जाचा जिल्ह्याशी झालेला पत्रव्यवहार हाती लागला, तर त्यात, त्या घराविषयीच्या साऱ्या सरकारी लिखाणात बहुधा एकदाच, त्या बाईचे नाव येते, आणि तिने दिलेले उत्तर: येते, किंवा येत नाही.