लाकडाचा लेथ : बटण दाबण्यापूर्वी

कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्राविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यातील कितीतरी विद्यार्थी सकाळी तासांना बसतात आणि दुपारनंतर कामावर जातात. माझे गाव कुरुळी हे पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे आहे. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लाकडी खोकी, पॅलेट आणि फर्निचर बनवणारे लहान लहान गाळे आमच्या भागात उभे राहिले. अशा गाळ्यात नव्या मुलाला 'बघून बघून शीक' एवढेच सांगितले जाते. लेथच्या बाबतीत तेवढे पुरत नाही.

लाकूड फिरवून कातणे हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. तो करणारा कातारी. लाटणे, भोवरा, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय ही सारी कातकामाचीच लेकरे. जुन्या पद्धतीत लाकडाला दोरीचा वेढा देऊन एक जण ती मागेपुढे ओढी आणि दुसरा हत्यार धरी. ओढणाऱ्याचा हात थांबला की लाकूडही थांबे. विजेच्या मोटारीने वेग आणला, पण ही सोय गेली. समोर लाकूड आहे की बोट, हे मोटारीला कळत नाही.

येथे थोडा हिशोब करू. लाकूड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ फेरे झाले. काही बिघडले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात लाकडाचे ५ फेरे होतात. लाकूड २ इंच जाडीचे असेल तर एका फेऱ्यात सहा इंचांहून अधिक कापड गुंडाळले जाते, म्हणजे ५ फेऱ्यांत अडीच फूट. शर्टाची पूर्ण बाही तेवढी लांब नसते! 'सावध राहीन आणि हात मागे घेईन' ही भाषा म्हणूनच फसवी आहे. लेथवरची सावधगिरी बटण दाबण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे.

पहिली गोष्ट अंगावरची. बाही कोपराच्या वर घ्यावी, शर्ट खोचावा, केस घट्ट बांधावेत. ओढणी, गळ्यातील दोरा, अंगठी, कडे, घड्याळ हे सर्व काढून ठेवावे. हातमोजे तर मुळीच घालू नयेत. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. आमच्या भावकीतील एका काकांनी कुसळे लागू नयेत म्हणून मोजे घातले होते. मोज्याचा एक धागा अडकला आणि मोज्याबरोबर दोन बोटे गेली. पॉलिश करतानाही चिंधी वापरू नये. कागद वापरावा, तो अडकला तर फाटतो.

दुसरी गोष्ट लाकडाची. जुन्या खोक्यांच्या लाकडात खिळे राहतात. चिरलेले, सैल गाठीचे किंवा सांधा न वाळलेले लाकूड फिरताना फुटून उडते. १२ इंच व्यासाचा तुकडा १५०० फेऱ्यांनी फिरवला तर त्याची कड ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास धावते. म्हणून लाकूड जितके मोठे तितका वेग कमी. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावा, असा एक ठोकताळा आहे. त्याप्रमाणे १२ इंचांच्या लाकडाला ५०० ते ७५० फेरे पुरे. ओबडधोबड लाकडाला याहूनही कमी वेगाने सुरुवात करावी. चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी रंध्याने काढून घ्यावेत.

तिसरी गोष्ट यंत्राची. लाकूड दोन्ही टोकांना घट्ट बसले आहे ना, चकची चावी काढली आहे ना, पट्ट्यावर जाळी आहे ना, हे पाहावे. हत्यार टेकवायची आडवी पट्टी लाकडाच्या जवळ घ्यावी. फट मोठी राहिली तर पटाशी तीत खेचली जाते. मग लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कुठे घासत नाही याची खात्री करावी. डोळ्यांवर साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी काच हवी. बटण दाबताना लाकडाच्या रेषेत उभे न राहता बाजूला राहावे. पटाशी आधी पट्टीवर टेकवावी, मगच लाकडाला लावावी. पट्टी सरकवायची असेल तर यंत्र थांबवूनच. थांबत आलेले लाकूड तळहाताने धरू नये. वीज गेली तर बटण आठवणीने बंद करावे, नाहीतर ती परत येताच लेथ आपोआप सुरू होईल.

भुसाही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. पॉलिशकागद मारताना नाकातोंडावर मास्क हवाच.

एवढे करूनही अपघात झालाच, तर माणसाला ओढण्याआधी बटण बंद करावे. जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. डोळ्यात कुसळ रुतले असल्यास चोळू नये, काढूही नये. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये.

यंत्राला आवरण हवे, डोळ्यांना संरक्षण हवे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातही लिहिले होते. पण वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले तरच मूळ कायद्याने ती जागा कारखाना ठरे. दोन-तीन माणसांचा गाळा त्या व्याख्येत बसत नसे. तेथे कायद्याची जागा उस्तादाच्या शब्दाने घेतली. आणि यंत्रावरची सूचनांची पाटी बहुधा इंग्रजीत असते. ती ज्याच्या बोटांसाठी लिहिली, त्यालाच ती वाचता येत नाही. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात ती वाचू शकणारे आपणच पहिले आहोत. ती पाटी सोप्या मराठीत लिहून बटणाशेजारी चिकटवणे, एवढे काम कला शाखेच्या विद्यार्थ्याला नक्कीच करता येईल.