कचऱ्यातून गॅस जरूर घ्या, पण टाकीत माणूस उतरवू नका

चुलीचा धूर हा आपल्या घरातला असा रोग आहे, ज्याचा केसपेपर कोणी काढत नाही. वॉर्डात ड्युटी करताना मी अशा कितीतरी बाया पाहिल्या, ज्यांनी उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही. पण छातीला नळी लावली की विडी ओढणाऱ्यासारखी घरघर ऐकू यायची. कशावर स्वयंपाक करता, असे विचारले की उत्तर ठरलेले : चुलीवर. सरपण ओले असते, गोवऱ्या असतात, काहीच नसले तर चिंध्या आणि प्लास्टिकसुद्धा चुलीत जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात अजून सुमारे २१० कोटी लोक अशा धुरावर अन्न शिजवतात. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. मुलांना न्यूमोनिया, बाईला दम आणि मोतीबिंदू, गरोदर बाईला कमी वजनाचे बाळ, हे सगळे त्याच धुरातून येते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून बऱ्याच घरांत सिलिंडर आला. पण तो संपला आणि हातात पैसे नसले की कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते.

त्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा ढीग असतो आणि तुंबलेले सार्वजनिक शौचालय असते. माशा, हगवण, कावीळ तिथून घरात येतात. या दोन्ही दुखण्यांवर मिळून एक उपाय आहे. आपण त्याला गोबर गॅस म्हणतो. पण तो फक्त शेणावरच चालतो असे नाही.

गॅस तयार होतो कसा

शेण, खरकटे, भाजीची देठे-साली, मैला असे कुजणारे काहीही पाण्यात कालवून बंद टाकीत ठेवले, तर हवा नसताना जगणारे जंतू ते कुजवतात. त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो. टाकीतल्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो, बाकी बराचसा कार्बन डायऑक्साइड. नळीने तो शेगडीला आणला की निळी ज्योत लागते, धूर होत नाही. उरलेल्या पातळ गाळाला स्लरी म्हणतात. त्याचे खत होते.

हे काही नवे खूळ नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावले गेले होते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. २००६ साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. जनावराने चारा आधीच पचवलेला असतो, म्हणून शेणापेक्षा शिळ्या भात-भाकरीतून किलोमागे जास्त गॅस निघतो.

नेपाळची घरे

खेड्यात काय होऊ शकते, ते नेपाळने दाखवले. तिथे १९९२ साली मोठा बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत दोन लाखांहून अधिक घरांत संयंत्रे बसली. सरकारने अनुदान दिले. पण खरी युक्ती दुसरीच होती. टाकीचा एकच नमुना ठरवला, बांधकामाची तपासणी ठेवली आणि बांधणाऱ्या कंपनीवर पुढच्या काही वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी टाकली. म्हणून टाक्या चालू राहिल्या. सरपण आणायचा आणि काजळलेली भांडी घासायचा बायांचा वेळ वाचला. अनेक घरांनी शौचालयही त्याच टाकीला जोडले. सुरुवातीला लोकांना किळस वाटे. पण मैला टाकीतच राहतो, शेगडीपर्यंत येतो तो फक्त वायू, हे पटले तशी किळस कमी झाली.

मात्र नेपाळच्या या योजनेला एक मर्यादा होती. घरात निदान दोन जनावरे आणि टाकीपुरती जागा हवी. ज्यांना जमीन नाही, ज्यांच्या दारात गाय-म्हैस नाही, ते बाहेरच राहिले. आपल्यापैकी बहुतेक घरे याच ओळीत बसतात.

किबेराची वस्ती

ज्यांच्याकडे जनावर नाही आणि जागाही नाही, त्यांचे काय? आफ्रिकेत केनिया देशाची राजधानी नैरोबी. तिथे किबेरा नावाची फार मोठी झोपडवस्ती आहे. पत्र्याची घरे, अरुंद बोळ, शौचालये मोजकी. रात्री बाहेर पडायची भीती, म्हणून लोक प्लास्टिकच्या पिशवीत शौच करून ती दूर भिरकावत. त्याला तिथे ‘उडते शौचालय’ असे नावच पडले होते.

या वस्तीत उमांडे ट्रस्ट या संस्थेने स्थानिक गटांना सोबत घेऊन ‘बायो-सेंटर’ बांधली. जमिनीखाली घुमटाच्या आकाराची टाकी, वर शौचालये आणि न्हाणीघर, त्याच्या वर बैठकीची किंवा भाड्याने द्यायची खोली. शौचालय वापरायला थोडे पैसे पडतात. टाकीतला गॅस केंद्रातल्याच शेगडीवर येतो आणि बाया थोडे पैसे देऊन तिथे शिजवतात. केंद्र वस्तीचा गट चालवतो. जमलेल्या पैशातून झाडलोट आणि दुरुस्ती होते. एरवी बोळात पडणारा मैला टाकीत गेला, ही आरोग्याच्या दृष्टीने गॅसपेक्षाही मोठी कमाई आहे.

हिशेब आधी करा

कोणी सांगेल की शौचालयावर टाकी बसवली की घरोघर फुकट गॅस मिळेल, तर विश्वास ठेवू नका. सार्वजनिक शौचालयांच्या अनुभवावरून एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला साधारण २८ लिटर गॅस मिळतो. पाच जणांच्या घराचे झाले १४० लिटर. साधा बर्नर तासाला ४५० लिटरपर्यंत गॅस खातो. म्हणजे जेमतेम वीस मिनिटे. भातही धड शिजणार नाही.

तेच शौचालय रोज हजार माणसे वापरत असतील तर २८ हजार लिटर गॅस मिळेल. एका घराला दिवसाला हजारभर लिटर लागतो असे धरले, तर तो पंचवीस-अठ्ठावीस घरांना पुरेल. पण हजार माणसे म्हणजे दोनशे घरे. कोणत्या पंचवीस घरांना द्यायचा? भांडणे होतील. शिवाय या गॅसला दाब कमी असतो, लांबवर नळी टाकून तो नीट पोहोचत नाही. म्हणून असा गॅस एकाच ठिकाणी, सामायिक स्वयंपाकघरात वापरणे बरे. अंगणवाडीचा खाऊ, बचत गटाची खानावळ, न्हाणीघरातले गरम पाणी यांना तो उपयोगी पडेल. वस्तीतले आणि जवळच्या भाजी मंडईतले ओले वाया गेलेले टाकीत घातले तर गॅस वाढतो.

टाकीचे पोटही सांभाळावे लागते. शौचालयात फिनेल किंवा अ‍ॅसिड ओतले की आतले जंतू मरतात आणि गॅस बंद होतो. प्लास्टिक, कपडा, सॅनिटरी पॅड टाकीत जाता कामा नये. बादल्याच्या बादल्या पाणी ओतले तरी गॅस घटतो. थंडीत गॅस कमी निघणारच.

टाकी जीव घेते

आता सर्वांत महत्त्वाचे. या टाकीत थोडासा हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण तो जास्त झाला की नाक बधिर होते आणि वासच कळत नाही. आत प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस बघता बघता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. रुमाल बांधून किंवा दोरी धरून हा धोका टळत नाही.

काही वर्षांनी टाकीच्या तळाला वाळू-गाळ साचतो आणि ती रिकामी करावी लागते. तेव्हा ‘चल, उतर’ असे कोणाला सांगितले जाते, कोणत्या जातीच्या माणसाला सांगितले जाते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. हाताने मैला उचलायला लावणे आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण तीस लाखांनी घरातला माणूस परत येत नाही. म्हणून टाकी पंपाने, बाहेरूनच रिकामी करता येईल अशी बांधली पाहिजे, आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला पाहिजे.

घरात किंवा स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर खिडक्या-दारे उघडा, मुख्य कॉक बंद करा. काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका.

स्लरीबद्दलही सावध राहा. मैल्याच्या स्लरीत जंतांची अंडी जिवंत राहू शकतात. ती ताजी असताना उघड्या हाताने उचलू नका, कच्च्या खायच्या भाजीला घालू नका. काही महिने खड्ड्यात कुजवून, वाळवून मगच वापरा. हात साबणाने धुवा.

सभेत विचारायचे पाच प्रश्न

वस्तीत नगरसेवक, ठेकेदार किंवा संस्था अशी योजना घेऊन आली तर सही करण्याआधी हे विचारा :

१. टाकीत रोज काय आणि किती पडणार? ते कोण गोळा करणार, आणि त्याला पगार किती?

२. गॅस कोणाला मिळणार? हे ठरवताना बायांना विचारले जाणार का?

३. बिघाड झाला तर किती वर्षे दुरुस्ती कोण करणार?

४. टाकी रिकामी करायला पंप कोणाचा? माणूस आत उतरणार नाही, हे करारात लिहिले आहे का?

५. स्लरी कुठे जाणार? नाल्यात सोडणार नाहीत ना?

गावी ज्यांच्या घरी दोन-चार जनावरे आहेत, त्यांनी पंचायत समितीच्या कृषी विभागात घरगुती संयंत्राच्या अनुदानाची चौकशी करावी.

आपल्या वस्तीला घाण म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्याच घाणीवर अंगणवाडीतल्या पोरांची खिचडी बिनधुराची शिजू शकते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तोंडी घेऊ नका. ते लेखी मिळेपर्यंत सही करू नका.