विचारपूस आणि पाळत

सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या समितीचा अहवाल १९०७ साली तयार झाला आणि कपाटात गेला. तो लोकांसमोर यायला १९२२ साल उजाडलं. तेव्हाही तो स्वतंत्रपणे आला नाही, दुसऱ्या एका समितीच्या अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडला गेला. त्याचा विषय युद्धाचे बेत किंवा संस्थानांचे तह असा काही नव्हता. विलायतेत शिकायला आलेली हिंदी मुलं कुठे राहतात, कुणाच्या संगतीत असतात, अडचणीत कुणाकडे जातात, एवढीच ती चौकशी होती. ती पंधरा वर्षं झाकून ठेवावी असं सरकारला का वाटलं, या प्रश्नाने मला या विषयात ओढलं. त्याने अजून माझा पिच्छा सोडलेला नाही.

धागा आमच्याच बाजूचा आहे. आष्टी बीड जिल्ह्यात, पण आम्हाला जवळ नगर. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं तिकडे, आणि २०२२ साली रेल्वे आली तीही नगरहूनच. त्यामुळे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आम्हाला परके वाटत नाहीत. सेनापती बापट म्हटलं की मुळशीचा सत्याग्रह आठवतो. त्याआधीचे, विशीतले बापट मात्र फारसे कुणी सांगत नाही. डेक्कन कॉलेजात शिकलेला हा पारनेरचा मुलगा मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला. तिथे त्याने हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीवर उघड टीका केली आणि त्याची शिष्यवृत्ती बंद झाली. घरापासून हजारो मैलांवर, हातात पैसा नाही, अशा मुलाला त्या वेळी कुणाचं दार उघडं होतं? या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की विलायतेतल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या मदतीचा अख्खा इतिहास समोर येतो.

सरकारच्या आधी तिथे एक बाई होत्या. एलिझाबेथ ॲडलेड मॅनिंग. मेरी कार्पेंटर यांनी १८७० साली ब्रिस्टलमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशन काढली आणि पुढे लंडनमध्ये मॅनिंगबाईंनी वर्षानुवर्षं तिचं चिटणीसपद सांभाळलं. कुठल्या कॉलेजात प्रवेश कसा मिळतो, खर्च किती येतो, याची माहितीपुस्तिका ही संस्था काढत असे. नवख्या मुलांना घरी बोलवायचं, चार माणसांशी ओळखी करून द्यायच्या, हे काम बाई स्वतः करत. नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला निघाल्या, तेव्हा लंडनमध्ये पहिला आसरा त्यांना मॅनिंगबाईंच्याच घरात मिळाला. बाईंचे विचार साम्राज्याच्या चौकटीतलेच होते, हे मान्य करायला हवं. पण त्यांच्याकडे चहा प्यायला आलेल्या मुलाची नोंद कुठल्या फायलीत होत नव्हती, आणि माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे. मॅनिंगबाई १९०५च्या ऑगस्टमध्ये गेल्या.

त्याच्या एक महिना आधी, १ जुलै १९०५ रोजी, लंडनच्या हायगेट भागात श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाऊस सुरू झालं होतं. आपण ते क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून ओळखतो, आणि ते तसं झालंही. पण मुळात ते हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. गोऱ्या घरमालकिणींनी दार लावून घेतलेल्या मुलाला तिथे खोली होती, आपल्या चवीचं जेवण होतं, वाचायला खोली होती. श्यामजी शिष्यवृत्त्याही देत, पण त्यांची अट कडक होती: पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. टिळकांच्या शिफारशीने १९०६ साली विनायक दामोदर सावरकर तिथे पोचले ते शिवाजी शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती गेलेल्या बापटांनाही याच वर्तुळात जागा मिळाली. एका बाजूने हाकललेला मुलगा जिथे थाळी मिळते तिथे जाणार, हे सरकारला आधी कळायला हवं होतं. ते उशिरा कळलं आणि कळलं तेही उलटं.

१९०७च्या समितीत तिघे होते. अध्यक्ष ली-वॉर्नर मुंबई इलाख्यातले जुने सनदी अधिकारी. हिंदी मुलांनी आदर्श प्रजाजन कसं व्हावं हे शिकवणारं क्रमिक पुस्तकही त्यांनी लिहिलं होतं. दुसरे थिओडोर मॉरिसन, अलीगढच्या कॉलेजचे माजी प्राचार्य. तिसरे सर विल्यम कर्झन वायली, भारतमंत्र्यांचे राजकीय एडीसी. त्या काळी विलायतेत सातशेच्या आसपास हिंदी विद्यार्थी होते आणि त्यांतले बरेच बॅरिस्टरीसाठी लंडनमध्ये एकेकटे राहत. मुलं एकटी आहेत, त्यांना योग्य माहिती मिळत नाही, त्यांची फसवणूक होते, हे समितीला दिसलं. त्याबरोबर मुलांची मनं राजवटीपासून उठत चालली आहेत हेही दिसलं. या दोन्ही गोष्टी एकाच अहवालात आल्या आणि तिथेच घोटाळा झाला. एकटेपणावरचं औषध आणि राजद्रोहावरचा बंदोबस्त एकाच खात्याकडे सोपवला गेला.

१९०९ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी निघाली आणि टी. डब्ल्यू. अरनॉल्ड शैक्षणिक सल्लागार झाले. अरनॉल्ड विद्वान माणूस. अलीगढ आणि लाहोरला शिकवलेले, इक्बाल यांचे गुरू. माणसाच्या निवडीत खोट काढता येत नाही. पण त्याच वर्षी १ जुलैला इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलींवर गोळ्या झाडल्या. तो समारंभ नॅशनल इंडियन असोसिएशनचा होता. ज्या संस्थेने मुलांना चहाला बोलावलं, तिच्याच मेजवानीत हे घडलं आणि मारला गेला तो विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करणारा अधिकारी. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हेही त्यात गेले. धिंग्रा लंडनमध्ये इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. त्यानंतर मदतीच्या प्रत्येक टेबलामागे मुलांना पोलीस दिसू लागला.

१९१० साली २१, क्रॉमवेल रोड या घरात कचेरी, असोसिएशन आणि नव्याने आलेल्या मुलांसाठी खोल्या असं सगळं एकत्र आलं. बोटीवरून उतरलेल्याला काही दिवस राहायला जागा, सल्ला आणि प्रवेशाला मदत मिळावी ही योजना कागदावर उत्तमच होती. पण प्रवेश हवा तर हिंदुस्थानातल्या सल्लागार समितीकडून चारित्र्याची खात्री आणा, असा शिरस्ता पडला. विलायतेत मुलाचा पालक म्हणून खात्याचाच माणूस असे. पालक म्हणून फी भरणारा आणि वर कळवणारा हात एकच असेल, तर मुलगा त्या हाताला आपली अडचण सांगणार नाही. बऱ्याच मुलांनी त्या घराकडे पाठ फिरवली.

१९२१ साली नवी समिती नेमली गेली. अध्यक्ष लॉर्ड लिटन, म्हणजे देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या १८७८च्या कायद्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या व्हाइसरॉय लिटनचे चिरंजीव. बापाचं नाव माझ्या मनात कडवट असूनही मुलाच्या अहवालाला दाद द्यावी लागते. विद्यार्थी खात्याकडे हेरगिरी म्हणून पाहतात, हे त्याने दडवलं नाही. विद्यार्थ्यांची देखभाल सरकारी खात्यापेक्षा विद्यापीठांनी स्वतः करावी, असा त्याचा रोख होता. समितीला हिंदुस्थानातही येऊन चौकशी करायची होती. इथल्या कायदेमंडळाने त्यासाठी पैसे नाकारले आणि अर्धं काम राहून गेलं. याच अहवालाबरोबर ली-वॉर्नरचा जुना कागद उजेडात आला. सरकारला तो का लपवावासा वाटला, याचं उत्तर तो वाचल्यावर मिळतं: मदतीमागचा हेतू त्यात फार स्पष्ट लिहिलेला होता.

त्या काळात उजळ काम दिसतं ते यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या भारतीय शाखेचं. के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने १९२० साली लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं आणि ते मुलांनी आपलं मानलं. सरकारी घराकडे पाठ आणि या घराशी आपुलकी, याहून स्पष्ट निकाल दुसरा नाही.

बाबासाहेबांचा प्रवास या कहाणीला दुसऱ्या बाजूने भिडतो. बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी हा करार. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाजवळ त्यांना राहायला जागा मिळाली, नवल भथेनांसारखा जन्माचा मित्र मिळाला. घर मिळालं नाही ते परत आल्यावर, १९१७ साली, बडोद्यात. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढलं गेलं. परदेशी विद्यार्थ्याच्या सोयीची चर्चा करताना आपण जाण्याचंच बोलतो. परतलेल्याला आपला गाव कसा वागवतो, हा त्याच प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग आहे. १९२० साली ते अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, तेव्हा मदतीला शाहू महाराज होते आणि भथेना होते. दोघांपैकी कुणीही त्यांच्याकडून अहवाल मागितला नाही.

पुढचं पान पुण्याचं. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत जेवण देताना त्यांना दिसली. रेक्टरने अशा वेळी काय करायचं, हे त्या काळच्या नियमांत ठरलेलं होतं. मुजुमदार खोलीत गेले. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता आणि त्याला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. परदेशातून आलेल्या मुलांचे हाल त्यांच्या मनाला लागले आणि १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली. आज तिचा पसारा एवढा मोठा आहे की मूळ काम परदेशी मुलांच्या विचारपुशीचं होतं, हे अनेकांना माहीत नसतं. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय याच संस्थेने पुण्यात जपलं आहे, आणि ते आहे सेनापती बापट रस्त्यावर. शिष्यवृत्ती तुटलेला एडिंबरोचा विद्यार्थी आणि कोलंबियाचा विद्यार्थी तिथे शेजारी आहेत. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी हे एकदा तरी मनात आणावं.

आता आजचं. आष्टीची मुलं ज्या विद्यापीठाच्या पदव्या घेतात, त्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनसारख्या अरब देशांतून मुलं शिकायला येतात. पैकी येमेन २०१४ पासून युद्धात होरपळतो आहे. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाने चोवीस तासांत सरकारला कळवायचं आणि दीर्घ व्हिसावरच्या विद्यार्थ्याने आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची, हा आपला कायदा. देशाला असे नियम लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरून पैसा बंद झालेल्या मुलाने ज्या टेबलावर नोंदणी केली, त्याच टेबलावर रडायचं, ही अपेक्षा क्रॉमवेल रोडचीच आहे. नोंदणी करणारा वेगळा आणि विचारपूस करणारा वेगळा, हे प्रत्येक विद्यापीठाने पाळलं पाहिजे.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जातींतली मुलं तिच्या बळावर जगातल्या नामवंत विद्यापीठांत पोचतात. हे फार मोठं काम आहे. पण फीची रक्कम म्हणजे सगळी मदत नव्हे. अर्ज कसा लिहायचा, हमीपत्र कुठलं, पहिल्या महिन्याचं भाडं कसं भरायचं, हे सांगणारं माणूस लागतं. बुलढाणा जिल्ह्यातून लंडनला शिकून आलेल्या राजू केंद्रे यांची एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांसाठी नेमकं हेच करते. शिकून आलेला मागच्याला हात देतो, त्याची वर कुठे नोंद जात नाही. मॅनिंगबाईंच्या चहाची परंपरा आज इथे जिवंत आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांची मुलं आमच्या तालुक्यातून उद्या परदेशी निघतील. त्यांच्यासाठी आष्टीत भव्य केंद्र नको. तालुक्याच्या कॉलेजात परदेशी शिकून आलेल्यांची एक यादी हवी, त्यांनी वर्षातून एकदा येऊन अर्ज तपासून द्यावेत, आणि समाजकल्याण खात्याने शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता मुलगा विमानात बसण्याआधी त्याच्या खात्यात टाकावा. ली-वॉर्नरच्या समितीला मुलांचं एकटेपण दिसलं होतं, त्यावरचा उपाय मात्र तिने नको त्या हातात दिला. तो योग्य हातात द्यायला आपल्याला आणखी एका समितीची गरज नाही.