शाबासकी, धपाटा आणि मेंदू

दिवेलागण झाली की पुष्कळ घरांत एकच चित्र दिसतं. मुलगा वही उघडून बसलेला, आई पोळ्या लाटता लाटता पाढे विचारतेय. ‘सात आठे?’ म्हटलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग बसतो एक धपाटा. ‘काल तर घडाघडा म्हणत होतास, आज कुठे गेलं?’

कुठे गेलं, हे समजायचं तर मेंदूतल्या पेशी बक्षीस आणि शिक्षा यांतून कशा शिकतात ते बघायला हवं.

पेशींचा हिशेब

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या काही लाखच डोपामाइन नावाचं रसायन तयार करतात. संख्येने थोड्या, पण ‘हे पुन्हा कर’ हे शिकवण्यात त्यांचा वाटा मोठा. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतल्या या पेशींचं काम बारीक तारेने नोंदवलं. फळाच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की पेशी उसळायच्या. मग रसाआधी एक दिवा लावला जाऊ लागला. माकडाला सवय झाल्यावर पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि रस मिळाला तरी विशेष काही नाही! दिवा लागूनही रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षा मंदावायचं.

म्हणजे या पेशी नुसतं बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा काय होती आणि मिळालं काय, यातला फरक त्या मोजतात. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हा हिशेब ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. या विषयातल्या कामासाठी २०१७चं ‘ब्रेन प्राइझ’ शुल्ट्झ, डायन आणि रे डोलन यांना मिळालं.

आपल्याला हे नवीन नाही, मैत्रिणींनो. रोजची भाजी चवदार झाली तर कोणी चकार शब्द काढत नाही. एक दिवस मीठ विसरलं की मात्र सगळ्यांच्या लगेच लक्षात येतं!

‘नको’ कसं शिकतो?

मेंदूत खोलवर हॅबेन्युला नावाचा अगदी चिमुकला भाग आहे. अमेरिकेत काम करणाऱ्या मात्सुमोतो आणि हिकोसाका या शास्त्रज्ञांनी २००७ साली माकडांमध्ये दाखवलं, की ‘आता रस मिळणार नाही’ अशी खूण दिसली की तिथल्या पेशी जाग्या होतात आणि डोपामाइनच्या पेशींना आवर घालतात. २००९ साली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. माकडाच्या तोंडावर हवेचा झोत येणार असं कळलं की काही डोपामाइन पेशी मंदावतात, तर काही उलट जास्त काम करू लागतात. त्यामुळे डोपामाइनला नुसतं ‘सुखाचं रसायन’ म्हणणं अपुरं आहे.

भीतीचं खातं आणखी वेगळं. ते मुख्यतः अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाकडे असतं. एक आवाज आणि पाठोपाठ विजेचा हलका झटका, असं थोड्याच वेळा झालं की उंदीर नुसत्या आवाजानेही जागीच थिजतो. ही भीती घालवायला तोच आवाज झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवावा लागतो. तरी जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर ‘आता धोका नाही’ अशी नवी आठवण बसते, इतकंच. मध्ये बरेच दिवस गेले किंवा पुन्हा एखादा झटका बसला, की जुनी भीती परत डोकं वर काढते.

उंदीर-माकडांवरून मुलांबद्दल सगळंच सांगता येत नाही. पण खुणेवरून भीती शिकणं माणसांतही असंच दिसतं, आणि ताणाखाली पाठ असलेलंही आठवत नाही. ‘सात आठे’ अडतं ते बहुधा इथेच. धपाट्याने पाढा शिकवला जात नाही. शिकली जाते ती वहीची भीती, कधी आईच्या आवाजाचीही. शाळेत तर मुलांना मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच आहे. घरात मात्र स्वयंपाक, अभ्यास सगळं एकटीवर पडतं आणि हात उठतो.

मग करायचं काय?

* कबूल केलेलं द्याच. ‘पाढा म्हटलास की खेळायला सोडीन’ म्हणून न सोडणं म्हणजे दिवा लावून रस न देणं.
* रोज ठरलेलं चॉकलेट लवकर सवयीचं होतं. अनपेक्षित शाबासकी जास्त लक्षात राहते.
* नुसतं ‘हुशार’ म्हणू नका. ‘काल सहाला अडलास, आज सातपर्यंत आलास’ असं नेमकं सांगा.
* अडलं तर उत्तर सांगून पुढे जा. दहा मिनिटांनी तेच परत विचारा.

मूल वही बघूनच आक्रसत असेल, तर एका दिवसात फरक पडणार नाही. कित्येक संध्याकाळी धपाट्याविना जाव्या लागतील. मध्येच एखाद्या दिवशी ते पुन्हा अडेल, गप्प बसेल. तेव्हा हात आवरा. पोळी तव्यावर करपत असली, तरीही.