भावाला सोडवायला निघालेली राजी

‘गेम’ हा शब्द ऐकला की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. मोबाईलवर पत्त्यांचा डाव लावून पगार उडवलेले नवरे आणि दुकानाचा गल्ला रिकामा केलेली पोरं मी बार्शीत, आसपासच्या गावांत पाहिली आहेत. बचत गटाच्या बैठकीत हप्ता का थकला म्हणून विचारलं, की बाई आधी सासूचं दुखणं सांगते, मग पाहुण्यातलं लग्न सांगते, आणि सगळ्या जणी उठून गेल्यावर हळूच ‘रमी’ म्हणते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला, तेव्हा आमच्या गटात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

पण मैत्रिणींनो, आज ज्या गेमविषयी सांगायचं आहे तो त्या जातीतला नाही. यात डाव लावायचा नसतो. पुस्तक विकत आणावं तसा एकदा आणायचा आणि खेळायचा. त्यात एक गोष्ट असते, आणि ती पुढे न्यायचं काम आपलं. विशेष म्हणजे हा गेम आपल्या पुण्यात तयार झालाय. त्याचं नाव ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’.

राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्यांचा खेळ करतो. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर येतात आणि इतर मुलांबरोबर गोलूलाही पळवून नेतात. मग राजी त्याला सोडवायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं धनुष्यही तिच्या हाती येतं. आणि हे दोन्ही देव वरून तिच्याकडे बघत आपसात बोलत असतात. ही पोर टिकेल का, हिला आणखी मदत करावी का, असं. आपल्या भगवंताच्या देवळात एकादशीला बसलेल्या बायका जशा समोरून जाणाऱ्या प्रत्येकीविषयी हलक्या आवाजात बोलतात, त्याचीच मला आठवण झाली.

माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो लॅपटॉप घेऊन आला होता. मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलींची अभ्यासिका चालवते. तिथं त्यानं हा गेम लावला. सुरुवातीला मुली लांबच बसल्या. बहुतेकींच्या घरात मोबाईल एकच, आणि तो भावाच्या हातात. त्यामुळे गेम म्हणजे भावानं खेळायचा आणि आपण मागून बघायचा, हीच सवय. “दादा, आम्हाला जमंल का?” एकीनं विचारलं. तो म्हणाला, “अगं, मला तरी कुठं पहिल्यांदा जमलं होतं? घे की.”

आणि मग काय सांगू! राजी भिंतीवरून पळते, खांबाला धरून गरकन फिरते आणि फिरता फिरता दोन राक्षस लोळवते. “ही तर मल्लखांबच करतीय!” म्हणून मुली ओरडल्या. मला डोंबाऱ्याची पोर आठवली, आठवडी बाजारात दोरीवर चालणारी, खाली ढोलकं वाजवणारा बाप आणि पसरलेलं फडकं. आपण त्या पोरीकडे कौतुकानं बघतो, दोन रुपये टाकतो आणि पुढे भाजी घ्यायला जातो. तिलाच गोष्टीची नायिका करावं, असं आपल्याला सुचलं नव्हतं.

गेममधले किल्ले, महाल राजस्थानी धाटणीचे आहेत आणि चित्रांवर पहाडी शैलीची छाप आहे. मधेमधे गोष्ट सांगायला पडद्यामागच्या सावलीच्या बाहुल्या येतात. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात ना, साधारण त्या वळणाच्या. वाटेतल्या भिंतींवर देवादिकांची चित्रं आहेत. त्यांच्यासमोर थांबलं की त्यांची कथा ऐकू येते. २०२२ पासून गेममध्ये हिंदी आवाजही आले, त्यामुळे मुलींना सगळं समजत होतं.

नुसतं कौतुक मात्र करणार नाही. मारामारी अधूनमधून अडखळते, आपण बटण दाबतो आणि राजी क्षणभरानं हलते. आपल्याला मान वळवून मागं बघायचं असतं, तर दृश्य आपल्या मनासारखं फिरत नाही. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि संपतो म्हणजे कसा, ऐन रंगात आलेलं कीर्तन वीज जाऊन थांबावं तसा. मुली तर चिडल्याच. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही शेवटाबद्दल हीच तक्रार केली होती.

पण मुलींमध्ये खरा वाद झाला तो राखीवरून. “राखी बांधायची आपण आणि रक्षण करायचं भावानं, मग ही का गेली?” असं एकीनं विचारलं. दुसरी पटकन म्हणाली, “माझा भाऊ सायकलवरून पडला तेव्हा दवाखान्यात मीच नेला होता त्याला. त्यानं काय बांधलं मला?” पुढचा अर्धा तास गेम बाजूला राहिला. मी मधे तोंड घातलं नाही.

आता हा गेम झाला कसा, ते सांगते. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड या तिघांनी पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची कंपनी काढली. यातल्या श्रुती चित्रांच्या, कलेच्या क्षेत्रातल्या. हातात पैसा थोडा, म्हणून २०१७ साली त्यांनी ‘किकस्टार्टर’वर आवाहन केलं. किकस्टार्टर म्हणजे इंटरनेटवरची वर्गणीची वही समजा. मला अमुक वस्तू करायची आहे, इतके पैसे लागतील, असं तिथं मांडायचं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आकडा लिहायचा. पण नियम कडक आहे. ठरलेली रक्कम मुदतीत भरली तरच पैसे मिळतात. थोडे जरी कमी पडले तरी कोणाच्याच खिशातून पैसा जात नाही आणि मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. आपलं गणपती मंडळ कमी वर्गणीत छोटी मूर्ती आणून भागवतं, तशी सोय इथं नाही.

राजीची वही भरली नाही. संस्थापकांपैकी एकानं आपला फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. (हे वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला, घरच्या बाईला विचारलं होतं का?) पुढे एका परदेशी कंपनीचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम बाहेर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगभरातल्या मोठ्या सोहळ्यात पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळालं.

वर्गणीतून कलाकृती करणं आपल्याला नवीन नाही. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ चा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केला होता. मग राजीलाच लोक का कमी पडले? मला वाटतं, ‘मंथन’च्या मागे दुधाची संघटना होती, माणसं एकमेकांना ओळखत होती. राजीच्या मागे कोण होतं? आपल्याकडे २०१७ साली गेमसाठी आगाऊ पैसे द्यायची कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

परदेशात अशी वही भरल्याची बरीच उदाहरणं आहेत. पुतण्या ज्याच्या प्रेमात आहे तो ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा चेक देशातल्या लोकांचा गेम. हा ‘रोल प्लेइंग’ प्रकारातला, म्हणजे भारुडात सोंग घ्यावं तसं एखाद्याचं सोंग घेऊन त्याचं सगळं आयुष्य जगायचं. तिथंही प्रकाशक तयार नव्हते. एका श्रीमंत गुंतवणूकदारानं अट घातली, लोकांना हे हवंय हे आधी दाखवा. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर तीन लाख पौंड मागितले. पस्तीस हजारांवर लोकांनी मिळून अकरा लाख पौंड दिले. सगळा खर्च तेवढ्यात भागणार नव्हताच, पण गुंतवणूकदाराची खात्री पटली. २०१८ मध्ये गेम आला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. यात मारामारी, रक्त, नको ते प्रसंग आहेत आणि तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, म्हणून अभ्यासिकेत लावू दिला नाही. रात्री घरी मी एकटीनं पुतण्याशेजारी बसून पाहिला.

काळ १४०३ सालचा, नायक हेन्री नावाचा लोहाराचा पोरगा. याला भूक लागते, झोप येते, पिशवीतलं अन्न नासतं. कपडे मळले की लोक धड बोलत नाहीत. आणि त्याला वाचता येत नाही! पुस्तक उघडलं की अक्षरं उलटसुलट झालेली दिसतात. एका लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं, मग हळूहळू शब्द जागेवर येतात. इथं मात्र मी पुतण्याला थांबवलं आणि ते पान पुन्हा उघडायला लावलं. प्रौढ साक्षरता वर्गात मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्या कुर्डुवाडीची एस.टी. पाटी वाचून नव्हे, तर ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून ओळखायच्या. त्यांना पाटी कशी दिसत असेल, ते त्या रात्री मला स्क्रीनवर दिसलं.

या गेमवर लोकांनी जे केलं ते तर फारच आपल्या ओळखीचं आहे. त्याला ‘मॉड’ म्हणतात, म्हणजे खेळणाऱ्यानं मूळ गेममध्ये केलेला फेरफार. तयार ब्लाउज आणून आपण बगलेत उसवतो, बाह्या बदलतो, तसंच. हेन्रीचा खेळ मनात येईल तेव्हा जपून ठेवता येत नव्हता. पलंगावर झोपायचं किंवा एक महागडी दारू प्यायची, की तिथवरचा खेळ जपला जायचा. नाहीतर मेलात की दोन तासांची मेहनत पाण्यात. गेम आल्यावर काही दिवसांतच कोणीतरी मॉड काढला, हवं तेव्हा जपा. पुतण्याच्या मते ही लबाडी, मजा जाते. मी म्हटलं, “बाबा रे, ज्या माणसाला दर दहा मिनिटांनी गॅसकडे उठून जावं लागतं, त्याला विचार मजा जाते का ते.” पुढे कंपनीनं स्वतःच खेळ जपून बाहेर पडायची सोय करून दिली.

दुसरा मॉड औषधी झाडपाला खुडण्याचा. मूळ गेममध्ये हेन्री प्रत्येक झुडपापाशी वाकतो. लोकांना कंटाळा आला, त्यांनी ते वाकणंच काढून टाकलं. इथं मी कंपनीच्या बाजूची. खुरपायला जाणाऱ्या बाईचं वाकणं कुठल्या मॉडनं जातंय? राहू द्यावं त्या पोरालाही वाकत. २०१९ मध्ये तर कंपनीनं असे फेरफार करायची अवजारंच लोकांच्या हाती दिली.

वर्गणी वाढत होती तेव्हा कंपनीनं एक वचन दिलं होतं, बाईच्या भूमिकेतूनही खेळता येईल. ते पुरं व्हायला २०१९ उजाडलं. ‘अ वुमन्स लॉट’ या जोडभागात आपण थेरेसा होतो, पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. तिचा दिवस सुरू होतो बापानं सांगितलेल्या घरकामांनी. मग गावावर हल्ला होतो. घरचे मारले जातात, ती वाचते, आणि जखमी हेन्रीला वाचवते तीच. मूळ गोष्टीत हे आपल्याला ओझरतं कळतं, इथं तिच्या डोळ्यांनी दिसतं. पुतण्या म्हणाला, “काकू, ही घरकामं फार बोअर झाली मला.” मी काही बोलले नाही, नुसतं त्याच्या चहाच्या कपाकडे बघितलं. तो उठला आणि विसळून आला.

दुसऱ्या दिवशी मॉडची ही गोष्ट मी अभ्यासिकेत सांगितली. राजीमध्ये काय बदलाल, असं विचारलं. उत्तरांचा पाऊस! राजीनं मराठीत बोलायला हवं. तिच्या जत्रेत ढोलकं हवं, रेवड्या हव्यात. एक जण म्हणाली, गोलू नुसता रडत का बसेल, त्यानं आतून बाकीच्या मुलांना हाताशी धरून काहीतरी केलं पाहिजे. आणि कधी तोंड न उघडणारी नववीतली एक मुलगी तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. तुटलेला शेवट तिनं चार पानांत लिहून काढला होता. राजी आणि गोलू जत्रेत परत येतात. दोरी तुटलेली असते. राजी ती पुन्हा बांधते आणि या वेळी गोलूला वर चढवते, स्वतः खाली ढोलकं घेऊन बसते.

पुतण्यानं ती पानं दोनदा वाचली. मग वहीचं मागचं पान उलटून त्यावर तो लिहायला लागला. चित्रं कोण काढणार, आवाज कोणाचे, संगणक किती लागतील, महिने किती. मुली त्याच्या भोवती बसल्या. “पुण्याच्या ताईला एवढ्यासाठी फ्लॅट विकावा लागला व्हय?” एकीनं विचारलं. “ताईनं नाही, तिच्या जोडीदारांपैकी एकानं,” तो म्हणाला आणि पुढची ओळ लिहायला लागला.