बिबट्या खाली उतरत नाही

थंडी पडली, ऊसतोड सुरू झाली की देवळाली प्रवरा परिसरात बिबट्याची चर्चा ठरलेलीच. डोंगरात खायला उरलं नाही म्हणून तो खाली आला, असं आपण बोलून मोकळे होतो. पुरावा वेगळं सांगतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. म्हणजे तो इथलाच रहिवासी, आणि त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा! बागायती ऊस महिनोन्‌महिने उभा असतो; आत गारवा, आडोसा, शेजारी पाणी. मादी तिथेच विते आणि कोयता फडाच्या मध्यावर पोचला की पाचटात पिल्लं सापडतात. अवचित गाठ पडते ती आपण त्याच्या घरात शिरल्यामुळे.

मग पकडून जंगलात सोडा, असं म्हणणारे पुष्कळ. शेजारच्या जुन्नरमध्ये २००१ पासून हेच केलं गेलं. सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले उलट वाढले. सोडलेला बिबट्या तिथेच थांबतो असंही नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या हलवावाच लागतो, यात वाद नाही; पण त्यासाठी दिसेल त्याला पिंजरा लावणं हा उपाय नव्हे. फडात पिल्लं दिसली तर हात लावू नका, तोड थांबवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई बहुधा रात्री परत येते.